उंबऱ्यावरचे तांदूळ

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात हा प्रसंग कधी ना कधी होऊन गेलेला असतो. घरात कार्य असतं, बायकांची लगबग चाललेली असते, आणि कुणीतरी एका बाईजवळ जाऊन हळूच म्हणतं, "तू जरा आत बस बरं." आवाज गोड असतो. ती बाई काही न बोलता आत जाऊन बसते. बाहेर कार्य पार पडतं, आणि कुणाचंच काही बिघडलं नाही असं समजून आपण सगळे पंगतीला बसतो.

ही गोष्ट त्या गोड आवाजाची आहे.

घोडेगावहून आहुप्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक गाव आहे. नाव सांगत नाही. कारण नाव सांगितलं की बाकीच्या गावांना वाटतं, हे आपल्याबद्दल नाही. त्या गावात गेले दोन महिने परदेशातल्या एका विद्यापीठाची मुलं-मुली मुक्कामाला होती. आहुप्याच्या देवराईचा अभ्यास करायला ती आली होती. सकाळच्या एसटीनं वर जायची, झाडांची मापं घ्यायची, म्हाताऱ्या माणसांशी बोलायची आणि संध्याकाळी परत यायची. राहायला गावातलीच घरं वाटून घेतली होती. आज त्यांचा शेवटचा दिवस होता. रात्रीचं विमान मुंबईहून होतं आणि दुपारी बस निघायची होती.

निरोपाची सगळी जबाबदारी सुमतीबाईंवर होती. सुमतीबाई म्हणजे पुनमचंद शेठजींची बायको. स्टँडवर त्यांचं किराणा आणि कापडाचं दुकान. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण चार पिढ्या इथेच गेल्या, आणि सुमतीबाई गावातल्या बायकांत अशा मिसळून गेल्या होत्या की महिला मंडळाचं अध्यक्षपद दुसऱ्या कुणाला द्यावं असं कधी कुणाच्या मनातही आलं नाही. गेल्या वर्षी ग्रामसभेत ठराव झाला होता, की नवरा गेलेल्या बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, तिला प्रत्येक कार्यात मान द्यायचा. तो ठराव सुमतीबाईंनीच मांडला होता. टाळ्या पडल्या होत्या. पेढे वाटले होते.

त्या सकाळी सुमतीबाई शेजारच्या चिमाबाईंच्या घरी गेल्या. चिमाबाईंचा नवरा रखमाजी वारून सहा-सात वर्षं झाली होती. मुलगा भरत चाकणला कंपनीत. मागची खोली रिकामी होती, म्हणून पाहुण्यांतली एक मुलगी त्यांच्याकडे दिली होती. तिचं नाव हाना. युरोपातल्या प्राग शहराजवळच्या गावातली. पहिल्याच दिवशी नाव ऐकून म्हाताऱ्या बयाबाई म्हणाल्या होत्या, "आगं बया! हिचं नावच हाना! जपून बोला गं हिच्यासंगं, न्हाईतर हानंल खरंच!" सगळा पार हसला होता, आणि काही न कळताही हाना सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसली होती.

दोन महिन्यांत ती मराठी शिकली. पुस्तकातली नाही, चिमाबाईंची. 'मला लई भूक लागली', 'आज न्हाई जमायचं', 'आमी उद्या येनार'. चिमाबाईंना ती मावशी म्हणायची. ती भाकरी थापायला बसली की चिमाबाई तिच्या हातावर हात ठेवून भाकरी गोल फिरवायला शिकवायच्या. तिचे वडील ती लहान असतानाच गेले होते. आई बेकरीत काम करून घर चालवायची. हे कळल्यापासून चिमाबाई तिच्या ताटात तूप जास्तच वाढायला लागल्या होत्या.

महिनाभरापूर्वी गावातली एक माहेरवाशीण सासरी निघाली, तेव्हा हानानं ओटी भरताना पाहिली. घरी आल्यावर तिनं विचारलं, "मावशी, ते काय?"

"ती वटी," चिमाबाईंनी सांगितलं. "लेक निगाली म्हंजी घरातली बाई तिच्या पदरात तांदूळ घालती, नारळ, खण घालती. रिकाम्या पदरानं लेकीला धाडत न्हाईत. आन लेकीनं त्यातलं चार दानं उंबऱ्यावर ठेवायचं. म्हंजी ती परत येती."

"मी जानार तवा तू भर."

चिमाबाई हसल्या. मग चुलीतलं लाकूड दोनदा मागेपुढे सारलं. शेवटी म्हणाल्या, "भरीन."

ठराव तर झालाच होता. परकी पोर, तिला कोण काय म्हणणार, असंही त्यांना वाटलं असेल. त्या दिवसापासून त्या घरच्या भाताचे तांदूळ सुपात घेऊन रोज थोडे थोडे निवडत होत्या. तुटका दाणा बाजूला काढायच्या. पुनमचंदांच्या दुकानातून त्यांनी हिरवा खणही घेतला.

त्या खणावरूनच सुमतीबाईंना समजलं.

"चिमा, एक बोलू का?" सुमतीबाई ओसरीवर टेकल्या. "तू खण घेतलास म्हणे."

"व्हय. हानासाठी."

"चांगलं केलंस. पण मी म्हणते, आज सगळा गाव असणार. पुण्याचे सर असणार. उगीच कुणी काही बोललं तर तुलाच लागेल. आणि पोरगी विमानात बसणार. देव करो नि काही न होवो, पण झालं तर लोक तुझंच नाव घेतील. तुझ्याच भल्यासाठी सांगते."

चिमाबाईंनी मान खाली घातली.

"तुझे तांदूळ दे माझ्याकडे," सुमतीबाई आणखी गोड आवाजात म्हणाल्या. "खण दे. तुझंच सामान, फक्त हात माझे. तुझं नाव घेऊन भरते. आणि तू स्वयंपाकाचं बघ. तुझ्यासारख्या पुरणपोळ्या गावात कोण करतं?"

चिमाबाई आत गेल्या. तांदळाची पुरचुंडी, नारळ आणि हिरवा खण घेऊन आल्या. देताना त्यांनी पुरचुंडीची गाठ पुन्हा एकदा घट्ट केली.

"सांडू नका," एवढंच म्हणाल्या.

सुमतीबाईंना बरं वाटलं. कुणालाही न दुखवता आपण मार्ग काढला, असं त्यांना वाटलं. वाचकहो, त्या वाईट बाई नव्हत्या. वाईट माणसांनी केलेला अन्याय ओळखू तरी येतो.

समाजमंदिरात सतरंज्या अंथरल्या होत्या. पाहुण्या मुलांना टोप्या आणि उपरणी दिली. मुली पाटांवर ओळीनं बसल्या होत्या, सगळ्या साड्या नेसलेल्या. हाना शेवटच्या पाटावर होती. तिनं चिमाबाईंचीच साडी नेसली होती, फिकट निळी, धुऊन धुऊन मऊ झालेली. सकाळी चिमाबाईंनीच ती नेसवून दिली होती आणि 'तू हो म्होरं, मी पोळ्यांचं बगून येते' असं सांगून तिला पाठवलं होतं.

बायका हळद-कुंकू लावत, ओट्या भरत पुढे सरकत होत्या. फोटो निघत होते. सुमतीबाई हानापाशी आल्या. खाली वाकून त्यांनी तिला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "पदर पसर बाळा. ही चिमाची ओटी आहे हं, तिच्या नावानं."

हानानं पदर पसरला नाही. तिनं पुरचुंडी ओळखली होती.

"मावशी कुटं?"

"स्वयंपाकात आहे. येईल मग."

हानानं पदर गोळा करून मुठीत धरला. "मावशी भरनार. मावशी बोलली."

बायका हसल्या. "आगं, कुनी बी भरली तरी चालती," मागून कुणी म्हणालं.

"मग मावशी का न्हाई?"

आता कुणी हसलं नाही. सुमतीबाईंनी स्नेहलकडे पाहिलं. स्नेहल ही गावातलीच, घोडेगावच्या कॉलेजात शिकणारी मुलगी. दोन महिने पाहुण्यांचं बोलणं गावाला आणि गावाचं पाहुण्यांना तीच समजावून सांगत होती.

"स्नेहल, तू सांग गं तिला. इंग्रजीत नीट समजावून सांग."

स्नेहल जागची हलली नाही. "काय सांगू काकू?"

"हेच, की... आपल्यात पद्धत असते."

"तुम्हीच सांगा. आत्तापर्यंत सगळं सांगितलं मी. देवराईतलं पानसुद्धा तोडत नाहीत ते सांगितलं, ते का ते पण सांगितलं. हे मला नाही सांगता येणार. लाज वाटते मला."

सुमतीबाईंचा चेहरा उतरला. त्या हानाकडे न बघताच म्हणाल्या, "तिचे मालक नाहीत ना. म्हणून."

हानाला समजायला थोडा वेळ लागला. मग ती हळूहळू, शब्द शोधत म्हणाली, "माझे बाबा पन न्हाई. माझी आई तशीच. उद्या ती विमानतळावर येनार. मला मिठी मारनार." ती थांबली. "तिनं पन नको?"



तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या बयाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. गावातल्या प्रत्येक ओटीत पहिली मूठ त्यांची असायची.

"सुमते, जरा थांब. मला बोलू दे. मला आता कोन काय करनार हाय?" त्या पुढे आल्या. "ह्ये माझं कुकू बगा. कुनाची वटी आसली की पैली मला हाक. का गं? माझा नवरा जिता हाय म्हनून! कुटं हाय त्यो? कल्यानला, दुसरीच्या घरात! पोरं रांगत व्हती तवा गेला. मी मेले का जगले, इचारलं न्हाई. पर त्याचं कुकू चालतं तुमाला!"

"बयाबाई, आत्ता हे कशाला..." सुमतीबाई पुटपुटल्या.

"आत्ताच! आन रखमाजी? हातरुणाला खिळला व्हता. चिमीनं लेकरावानी केलं त्याचं. घास भरवला, अंग पुसलं. तिच्या मांडीवर डोकं ठिवून गेला त्यो. मग ज्या बाईनं नवरा शेवटपातूर सांभाळला तिचा हात वंगाळ, आन जिला नवऱ्यानं टाकली तिचा हात चांगला? ह्यो कुटला हिशेब गं? आन ठराव कुनी मांडला व्हता? पेढं कुनी वाटलं व्हतं? मी तर दोन खाल्लं व्हतं!"



सुमतीबाईंच्या हातातली पुरचुंडी एकाएकी जड झाली. सकाळचं सगळं त्यांना आठवलं. चिमाबाईंची खाली गेलेली मान, ती गाठ, 'सांडू नका' हे शब्द. काय केलं आपण! तिचे तांदूळ घेतले, तिचा खण घेतला आणि वर तिच्यावरच उपकार केल्यासारखं वागलो! ठरावासाठी हात वर करायला काहीच लागलं नव्हतं. आज मात्र एक पदर पुढे होता, एक पोर वाट बघत होती, आणि नेमका आजच आपण कच खाल्ली!

"मी आणते तिला," त्या म्हणाल्या आणि निघाल्या. चालता चालता त्या पळायलाच लागल्या.

मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोळ्यांच्या चळती फडक्याखाली झाकून ठेवलेल्या होत्या. चूल विझवून नीट सारवून घेतली होती. चिमाबाई नव्हत्या.

"ती मघाच्या गाडीनं गेली की," भांडी घासणारी उज्ज्वला म्हणाली. "आहुप्याला, भनीकडं. सांजच्या गाडीनं येते म्हनली."

"का गेली? काही बोलली?"

"काय न्हाई. पोळ्या झाकून ठिवा म्हनली."

फोन लावला. आहुप्याच्या वाटेवर फोन लागत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, तरी तिघाचौघांनी लावून पाहिला. कुणी म्हणालं, मोटारसायकल पाठवू. पुण्याहून मुलांना न्यायला आलेले सुनील सर अवघडून उभे होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मान हलवली. "वर जाऊन परत यायचं म्हणजे विमान चुकेल हो. एकटीला मागे ठेवता येत नाही मला. माफ करा."

हाना चिमाबाईंच्या घरी गेली आणि उंबऱ्याशी बसून राहिली. रस्त्याच्या वरच्या वळणाकडे बघत होती. कुणी तिला उठवायला गेलं नाही. सुमतीबाई थोड्या अंतरावर पुरचुंडी छातीशी धरून उभ्या होत्या. एकदा त्या पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "बाळा, माझं चुकलं. आता बयाबाईंच्या हातून तरी घे. रिकामी जाऊ नकोस."

हानानं नको म्हणून मान हलवली. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर सुमतीबाईंना सोपं गेलं असतं. तिनं पुरचुंडी हातात घेतली, गाठ सोडली आणि त्यातले चिमूटभर तांदूळ काढून उंबऱ्यावर ठेवले. गाठ परत बांधली आणि पुरचुंडी सुमतीबाईंच्या हातात दिली.

"मावशीला दे. मावशीच्या हातात."

बसनं हॉर्न दिला. निळ्या साडीचा रिकामा पदर खांद्यावर टाकून ती चढली. खिडकीतून ती हात हलवत होती, पण गावाकडे बघून नाही. ती वरच्या रस्त्याकडे बघत होती.

त्या दिवशी पुरणपोळ्या कुणाला गोड लागल्या नाहीत.

सुमतीबाई दुपारभर स्टँडवर, दुकानाच्या पायरीवर बसून होत्या. पुनमचंदांनी दोनदा चहा पाठवला, तो निवून गेला. ऊन कलल्यावर आहुप्याची एसटी आली. चिमाबाई उतरल्या आणि सुमतीबाईंना पाहून लगबगीनं जवळ आल्या.

"गेली का वो पोरगी? नीट गेली ना? रडली का?" आणि मग आवाज खाली आणून, "वटी नीट भरली ना?"

'भरली, तुझ्या नावानं भरली,' असं म्हणणं किती सोपं होतं! त्या माउलीनं विश्वासही ठेवला असता. सुमतीबाईंच्या ओठांवर ते आलंही होतं.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "तिनं माझ्या हातून घेतलीच नाही. तुझ्यासाठी बसून राहिली. रिकाम्या पदरानं गेली."

 चिमाबाईंनी पिशवी पायरीवर ठेवली आणि बस गेलेल्या रस्त्याकडे पाहिलं.

"आवं, म्हनून तर मी गेले," त्या म्हणाल्या. "मी हितं ऱ्हायले तर पोरगी माझ्यासाठी हट करंल, माझ्यापायी तिची वटी ऱ्हाईल, म्हनून मी गाडीत बसले. आन तशीच गेली? माझं लेकरू रिकामं गेलं?"

सुमतीबाईंनी पायरीवरची पिशवी उचलली. 

दोघी घराकडे चालत आल्या. मागून दुकान तसंच उघडं टाकून पुनमचंद आले. उंबऱ्यावर ते चिमूटभर तांदूळ होते. चिमाबाई ते बघत उभ्या राहिल्या. कोणी ठेवले हे त्यांना सांगावं लागलं नाही.

सुमतीबाईंनी पुरचुंडी, खण आणि नारळ चिमाबाईंच्या हातात दिला. मग त्या उंबऱ्याच्या अलीकडे जमिनीवर बसल्या आणि आपला भरजरी पदर त्यांनी दोन्ही हातांनी पुढे पसरला.

"माझी भर," त्या म्हणाल्या.

"काय बोलताय तुमी!" चिमाबाई दोन पावलं मागे सरल्या. त्यांची नजर पुनमचंदांकडे गेली. "शेटजी हितं उभं हायती. तुमचं सवाष्णपन..."

सुमतीबाईंच्या मनातली भीती एका क्षणात जाईल कशी?  पण त्यांनी पसरलेला पदर मागे घेतला नाही.

पुनमचंद फारसं बोलणारा माणूस नव्हता. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "भरा वहिनी," ते म्हणाले. "मला काय व्हायचं ते माझ्या ब्लडप्रेशरनं होईल. तुमच्या तांदळानं नाही."

चिमाबाईंनी गाठ सोडली. ओंजळ भरली. एकही तुटका दाणा नसलेले ते तांदूळ सुमतीबाईंच्या पदरात पडले. मग नारळ. मग हिरवा खण. भिंतीपलीकडून बयाबाई बघत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या.

ओटी भरून झाली तशी चिमाबाई उंबऱ्याला टेकून रडायला लागल्या. "ही तिची व्हती," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "ही तिची व्हती वो."

सुमतीबाई पदर धरून तशाच बसून राहिल्या. त्यांनाही ते ठाऊक होतं. आपल्या पदरात जे पडलं ते दुसऱ्या एका पोरीचं होतं. ती आता घाटाखाली कुठेतरी होती आणि ते तिला कधीच मिळणार नव्हतं.

वाचकहो, पुढच्या कार्यात चिमाबाई ओळीत पहिल्या उभ्या होत्या, हे सांगितलं पाहिजे. कुणी कुरकुरलं, कुणी गप्प बसलं, पण त्यांना आत बस म्हणायला कुणी आलं नाही. गाव थोडं बदललं. पण त्यानं ती बस परत आली नाही. गावानं हात वर करून ठराव केला म्हणून रूढी जात नाही. ती जाते आपण त्या बाईपुढे आपला स्वतःचा पदर पसरतो तेव्हा. आणि तो वेळेवर पसरावा लागतो. जिला आपण आज गोड आवाजात 'आत बस' म्हणतो, तिच्याकडे आणि तिच्या मायेच्या माणसांकडे आपल्याला शहाणपण येईपर्यंत थांबायला वेळ असेलच असं नाही. म्हणून तुमच्या घरातल्या पुढच्या कार्याला, आत बसलेल्या बाईला आधी बाहेर बोलवा.

चिमाबाई रोज सकाळी अंगण झाडतात. उंबऱ्यापाशी आल्या की केरसुणी उचलून घेतात, आणि पलीकडून पुन्हा झाडायला लागतात.